१८०६ च्या हाफ ईगलची डाय ओळखताना

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९५ पासून १८३४ च्या मध्यापर्यंत पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांना संग्राहकांच्या वर्तुळात ‘अर्ली गोल्ड’ म्हणतात. अडीच डॉलरचे क्वार्टर ईगल, पाच डॉलरचे हाफ ईगल आणि दहा डॉलरचे ईगल अशी तीनच मूल्ये त्यात येतात. बहुतेक संग्राहक प्रत्येक चित्रप्रकाराचे एकेक नाणे मिळवून थांबतात, कारण त्यापुढे जाणे सामान्य खिशाला झेपत नाही. माझ्याही खिशाची मर्यादा तीच होती, मात्र मला नाणी वाढवण्यापेक्षा एकाच नाण्याची पूर्ण ओळख पटवण्यात अधिक रस होता. ते कोणत्या दोन डायमधून, म्हणजे नाण्याच्या दोन बाजूंचे ठसे उमटवणाऱ्या पोलादी साच्यांमधून, निघाले, त्या डाय तेव्हा कितपत झिजल्या होत्या, आणि पाडण्याआधी त्या सोन्याच्या चकतीवर कोणते काम झाले होते, हे मला पुराव्यासह जाणून घ्यायचे होते.

या हौसेचे मूळ माझ्या व्यवसायात आहे. पेनसिल्व्हेनियात स्थायिक होण्यापूर्वी मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये प्रेसटूलचे काम करत असे. हार्डनिंगनंतर, म्हणजे पोलाद तापवून कडक केल्यावर, तडकलेली डाय, पंचाचा निसटलेला कोपरा, जॉब न सरकवता मारला गेलेला रिकामा ठोका या गोष्टी आमच्या रोजच्या बोलण्यातल्या होत्या. तयार भागावरची बारीक रेघ पाहून डायमध्ये काय बिघडले हे सांगणे ही तिथे कौतुकाची बाब नव्हती, ती नोकरीची किमान अट होती. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचे सोन्याचे नाणे प्रथम भिंगाखाली पाहिले, तेव्हा मला स्वातंत्र्यदेवतेच्या मुखाआधी डायच्या खुणाच दिसल्या.

नाणे निवडण्यापूर्वी त्या टांकसाळीची कामाची पद्धत समजून घेणे आवश्यक होते. अमेरिकेच्या काँग्रेसने २ एप्रिल १७९२ रोजी टांकसाळीचा कायदा केला, पण सोने आणि चांदी हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रत्येकी दहा हजार डॉलरचा जामीन देण्याची अट त्यात होती आणि ती त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. १७९४ मध्ये काँग्रेसने ही रक्कम कमी केल्यावर मार्ग मोकळा झाला, आणि ३१ जुलै १७९५ रोजी सोन्याची पहिली नाणी, म्हणजे ७४४ हाफ ईगल, टांकसाळीच्या कोठीतून बाहेर पडली. कायद्याने हाफ ईगलचे वजन १३५ ग्रेन, म्हणजे सुमारे ८.७५ ग्रॅम ठरवले होते. जुन्या मापाने हे बरोबर पाऊण तोळा भरते. शुद्धता बारा भागांत अकरा, म्हणजे आपल्या दागिन्यांवर आज ‘९१६’ म्हणून उमटणारी तीच बावीस कॅरटची आहे.

डाय बनवण्याची रीत हा या सगळ्या विषयाचा पाया आहे. मुख्य नक्षीकार रॉबर्ट स्कॉट यांच्या काळात देवतेचे मुख एका उठावदार पंचावर कोरलेले असे, आणि तो पंच मऊ पोलादात दाबून मुखाची खोलगट आकृती मिळवत. वर्षाचे आकडे, ‘लिबर्टी’ची अक्षरे आणि भोवतीचे तारे मात्र वेगवेगळ्या छोट्या पंचांनी, हातोडीने, एकेक करून ठोकले जात. मागच्या बाजूच्या डायवरही अक्षरे अशीच एकेक ठोकली जात. साहजिकच कोणत्याही दोन डाय हुबेहूब सारख्या होत नसत. कुठे तारा केसांच्या बटेला टेकतो, कुठे आकडा किंचित कलंडतो, कुठे अक्षराचा पाय गरुडाच्या पंखाला भिडतो. आजची टांकसाळ अशी डाय नापास करील, पण याच विसंगतीमुळे आपल्याला एक डाय दुसरीपासून वेगळी काढता येते.

दुसरी गोष्ट पोलादाची. त्या काळात हार्डनिंगचे तापमान डोळ्यांनी, पोलादाच्या लालीवरून ठरवत, आणि चांगले पोलाद दुर्मिळ होते. म्हणून शाबूत असलेली डाय वर्ष उलटले तरी टाकून देत नसत. १७९५ हे वर्ष असलेले, पण ढालधारी मोठ्या गरुडाचे हाफ ईगल आढळतात. तो गरुड सोन्याच्या नाण्यांवर नंतर आला, म्हणजे १७९५ ची शिल्लक राहिलेली दर्शनी डाय पुढे काही वर्षांनी नव्या मागच्या डायबरोबर वापरली गेली. १८०२ च्या प्रत्येक हाफ ईगलवर २ च्या खाली १ दिसतो, आणि १८०३ च्या प्रत्येकावर ३ च्या खाली २. न वापरलेल्या जुन्या डायवर नवा आकडा ठोकून काम भागवल्याचा हा परिणाम आहे. नाण्यावरचे वर्ष हे त्या डायचे वर्ष असते, नाणे पाडल्याचे असेलच असे नाही, ही खूणगाठ मी सुरुवातीलाच मनाशी बांधली.

काटकसरीचे सर्वांत गमतीदार उदाहरण मला क्वार्टर ईगलमध्ये सापडले. १८०७ च्या मध्यापूर्वी हाफ ईगलवर मूल्य लिहिलेलेच नसे, कारण सोन्याच्या नाण्याची किंमत वजन आणि कस यांवर ठरते हे सर्वजण जाणून होते. टांकसाळीचे नक्षीकार जॉन राइश यांनी १८०७ मध्ये नवी रचना केली तेव्हा प्रथम ‘५ डी.’, म्हणजे पाच डॉलर, अशी अक्षरे आली. क्वार्टर ईगलवरही तेव्हा मूल्य नव्हते आणि त्याचा व्यास डाइम या दहा सेंटच्या चांदीच्या नाण्याच्या जवळपास होता, त्यामुळे गरुडाची एकच डाय टांकसाळीने डाइमसाठीही वापरली आणि क्वार्टर ईगलसाठीही. १८०४ च्या दोन्ही नाण्यांवर गरुडाच्या डोक्यावर तेराऐवजी चौदा तारे असलेली चुकीची डाय आढळते, ती एकच आहे. दहा सेंटच्या चांदीवर आणि अडीच डॉलरच्या सोन्यावर त्याच पोलादाचा ठसा उमटलेला पाहून कोणत्याही टूलरूमवाल्याला तिथल्या फोरमनबद्दल आपुलकी वाटेल.

यानंतर नाण्याची निवड. डायच्या जोड्यांची आज सर्वमान्य असलेली क्रमवारी हॅरी बास आणि जॉन डॅनरॉयथर यांच्या नावाने ओळखली जाते. डॅलसचे बास यांनी आयुष्यभर सोन्याच्या नाण्यांचे डायभेद जमवले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या टिपणांच्या आधारे डॅनरॉयथर यांनी काम पूर्ण केले आणि २००६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रत्येक वर्षातल्या डायजोडीला ‘बीडी’ आणि पुढे आकडा अशी ओळख त्यात दिलेली आहे. दुर्मिळता ‘आर-१’ ते ‘आर-८’ अशा मापाने सांगतात: आर-४ म्हणजे ७६ ते २०० नाणी उपलब्ध, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-७ म्हणजे ४ ते १२, आणि आर-८ म्हणजे जेमतेम दोन-तीन.

मी १८०६ हे वर्ष निवडले, कारण त्या वर्षाची रचना शिकण्यासाठी उत्तम आहे. त्या वर्षी टांकसाळीच्या नोंदीनुसार ६४,०९३ हाफ ईगल निघाले आणि त्यांचे सहा डायभेद ज्ञात आहेत. त्यांपैकी पाचांमध्ये ६ चे वरचे टोक अणकुचीदार असून डावीकडे आठ व उजवीकडे पाच तारे आहेत. सहाव्यात, म्हणजे बीडी-६ मध्ये, ६ चे टोक गोल गाठीसारखे असून तारे डावीकडे सात व उजवीकडे सहा आहेत. बीडी-६ हा सुरुवातीच्या हाफ ईगलमधला सर्वांत सहज मिळणारा भेद आहे, आणि वर्षातली बहुतांश नाणी त्या एकाच जोडीतून निघाली. दुर्मिळ वस्तूच्या मागे लागणाऱ्यांना हे नीरस वाटेल. माझा विचार असा होता की एकाच जोडीने हजारोंच्या संख्येने नाणी पाडली असतील, तर तिच्या पहिल्या आणि शेवटच्या नाण्यांमध्ये डायचे सगळे आयुष्य वाचता आले पाहिजे.

नाणे शोधताना बाल्टिमोरच्या नाणेप्रदर्शनाचा मोठा उपयोग झाला, कारण तिथे अनेक व्यापाऱ्यांकडची नाणी एकाच दिवशी हातात घेऊन पाहता येतात. पाहायचे काय, हे मात्र आधी ठरवून जावे लागते. या काळातल्या सोन्याच्या नाण्यांचा सर्वांत मोठा शत्रू बनावट नाणे नसून दागिना आहे. एकोणिसाव्या शतकात असंख्य नाणी लॉकेट, साखळ्या आणि कफबटणांमध्ये गेली, आणि नंतर ती सोडवून, डाख घासून, चकाकी देऊन बाजारात परत आली. आपल्याकडे पुतळ्यांची माळ ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना कडेवरची डाखाची खूण वेगळी शिकवावी लागत नाही. व्हेनिसच्या ड्युकॅट या सोन्याच्या नाण्यालाही आपण कडी लावून गळ्यात घातलेच होते. मी प्रत्येक नाणे प्रथम कडेने फिरवून पाहत असे. कडेवरचे दाते एखाद्या ठिकाणी बुजलेले किंवा जास्तच धारदार असले, तर तिथे पूर्वी काहीतरी जोडलेले होते असे समजावे. त्यानंतर सपाट भाग दिव्याखाली तिरका धरून एका दिशेने जाणाऱ्या केसांसारख्या रेघा शोधायच्या, कारण त्या कापडाने घासल्याच्या असतात. अतिशय लखलखीत, गुळगुळीत आणि स्वस्त अशी नाणी मी याच कसोटीवर बाजूला ठेवली.

शेवटी घेतलेले नाणे दिसायला साधे होते. उंच भागांवर, म्हणजे टोपीच्या घडीवर आणि कपाळाजवळच्या केसांवर, झीज स्पष्ट होती. परंतु ताऱ्यांच्या खाचांमध्ये जुनी लालसर झाक टिकलेली होती आणि कड शाबूत होती. विकणाऱ्याने ते प्रमाणपत्राशिवाय, पण परतीच्या लेखी हमीवर दिले. प्रमाणित नसलेले अर्ली गोल्ड अशा हमीवाचून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी पहिली तपासणी वजनाची. नाणे ८.६९ ग्रॅम भरले, जे मूळ ८.७५ च्या तुलनेत तेवढ्या झिजेला शोभणारे होते. विशिष्ट गुरुत्व काढण्यासाठी मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो, कारण पाण्यात बुडवल्यावर या आकाराच्या नाण्याच्या वजनात जेमतेम अर्धा ग्रॅम फरक पडतो, आणि दहा मिलिग्रॅमची चूकही निष्कर्ष दोन टक्क्यांनी हलवते. बारीक नायलॉनच्या धाग्याने टांगलेले नाणे पाण्यात ०.४९८ ग्रॅमने हलके झाले, म्हणजे गुरुत्व १७.४५ च्या आसपास आले. १७९२ च्या कायद्याने सोन्यातल्या मिसळीसाठी चांदी आणि तांबे सांगितले होते आणि चांदी त्या मिसळीच्या निम्म्याहून जास्त नको अशी अट होती. हा आकडा अशा बावीस कॅरट मिश्रणाच्या अपेक्षित गुरुत्वापेक्षा किंचित कमी, पण त्याच्या जवळपास आहे. एवढ्याने नाणे अस्सल ठरत नाही, कारण योग्य कसाचे सोने घेऊन केलेले बनावट नाणेही या परीक्षेत उत्तीर्ण होईल. ते काम डायच्या खुणांवर सोपवावे लागते.

डायजोडी ओळखणे १८०६ च्या बाबतीत फारच लवकर उरकले. ६ चे गोल टोक, डावीकडचे सात आणि उजवीकडचे सहा तारे मोजले की बीडी-६ शिवाय पर्याय राहत नाही. तरीही मागच्या बाजूची पडताळणी सोडून चालत नाही, कारण बनावट नाणी करणारे वेगवेगळ्या नाण्यांच्या बाजू एकत्र आणू शकतात. ढगांच्या कमानीखालचे तारे, त्यांतील गरुडाच्या चोचीजवळचा तारा, पंखांच्या टोकांशी असलेले अक्षरांचे अंतर आणि पंजाजवळच्या शेवटच्या अक्षराची जागा मी प्रमाणित बीडी-६ नाण्यांच्या छायाचित्रांशी ताडून पाहिली. त्यासाठी दोन्ही चित्रे सारख्या मापात आणून, मध्यबिंदूपासून अक्षरांच्या कोपऱ्यांपर्यंत सरळ रेषा ओढून कोन मोजले. भिंगाखाली नुसते पाहून ‘सारखे वाटते’ म्हणण्यापेक्षा कोन मोजणे अधिक विश्वासार्ह आहे, कारण झिजेने अक्षर पसरट झाले तरी त्याची दिशा बदलत नाही.

जाता जाता एक निरीक्षण: या गरुडाच्या उजव्या पंजात बाण आणि डाव्यात ऑलिव्हची फांदी आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेत हे उलट आहे, आणि मानाची उजवी बाजू शांततेच्या फांदीला दिलेली आहे. स्कॉट यांनी हे हेतुपुरस्सर केले की आरशातल्या प्रतिमेचा घोळ झाला, यावर वाद आहेत. डाय उलटी कोरावी लागते हे ज्याने स्वतः अनुभवले आहे तो दुसऱ्या शक्यतेकडे झुकेल, आणि मीही झुकतो.

खरे काम यानंतर, म्हणजे डायची अवस्था ठरवण्यात होते, आणि त्यात माझे सर्वाधिक संध्याकाळचे तास गेले. डाय झिजते तेव्हा ती तीन प्रकारे बोलते. पहिला प्रकार तड्यांचा. डायला चीर पडली की धातू तिच्यात शिरतो आणि नाण्यावर ती उठावदार रेघ होऊन उमटते. नंतर पडलेला ओरखडा मात्र खोल असतो, त्यामुळे भिंगाखाली रेघेची सावली कोणत्या बाजूला पडते यावरून दोहोंतला फरक कळतो. दुसरा प्रकार आपटण्याचा. स्क्रू प्रेसवर चकती न ठेवता दांडा फिरला की दोन्ही डाय एकमेकींवर आपटतात आणि देवतेच्या हनुवटीची वा ढालीच्या पट्ट्यांची पुसट सावली समोरच्या डायवर जाते; मग कामगार डाय घासून ती खूण काढतात आणि त्या घासण्यात ताऱ्यांची किंवा पिसांची उथळ टोकेही नाहीशी होतात. तिसरा प्रकार सर्वांत संथ आहे. हजारो ठोक्यांमध्ये सोने मध्यापासून कडेकडे वाहते आणि डायच्या पृष्ठभागावर किरणांसारख्या बारीक सरी पाडते. त्यामुळे उशिराच्या नाण्यांवर ताऱ्यांची टोके आणि अक्षरांचे पाय कडेकडे ओढल्यासारखे दिसतात.

माझ्या नाण्यावर हा तिसरा प्रकार ठळक होता. अक्षरांचे पाय बाहेरच्या बाजूस किंचित दुभंगलेले होते, आणि कडेजवळच्या सपाट भागात बारीक सरी दिसत होत्या. त्या घासण्याच्या रेघा नाहीत हे ठरवण्यासाठी मी नाणे एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवले. घासण्याच्या रेघा एका विशिष्ट कोनात एकदम चमकतात आणि मग सगळ्याच मावळतात, तर डायच्या सरी मध्याभोवती गाडीच्या आऱ्यांप्रमाणे असल्याने चमक चक्राकार सरकत राहते. नाणी जाणणारे ज्याला ‘कार्टव्हील’ म्हणतात तो प्रकाश हाच. त्यावरून हे नाणे डायच्या उत्तरार्धातले आहे असा निष्कर्ष मी काढला.

मधल्या भागात, केसांवरून तिरक्या जाणाऱ्या काही समांतर रेघांनी मात्र बराच वेळ घेतला. त्या खोल होत्या, म्हणजे तडे नव्हते; आणि केसांच्या बटांच्या झिजलेल्या माथ्यांवर पुसट होत जाऊन बटांमधल्या खोलगट भागात स्पष्ट होत होत्या, म्हणजे त्या नाणे पाडल्यानंतरच्या असू शकत नव्हत्या. त्या कानशीच्या होत्या. टांकसाळीत चकती जड भरली की कामगार ती कानशीने घासून १३५ ग्रेनवर आणत आणि मगच प्रेसवर देत. ठोक्याच्या दाबाने बहुतेक रेघा सपाट होतात, पण डायच्या सर्वांत खोल भागात, म्हणजे मुखाच्या मधोमध, धातू पुरता भरत नाही आणि तिथे त्या टिकतात. काही खरेदीदार या रेघांमुळे किंमत पाडून मागतात. माझ्या दृष्टीने त्या नाण्यावरचा सर्वांत मानवी तपशील आहेत.

एकूण अर्ली गोल्डच्या दुर्मिळतेचे कारण टांकसाळीच्या बाहेर आहे, आणि ते समजल्याशिवाय बाजारभाव समजत नाहीत. १७९२ च्या कायद्याने सोन्याचा भाव चांदीच्या पंधरापट धरला होता, तर युरोपात तो त्याहून अधिक होता. त्यामुळे अमेरिकेचे सोने परदेशी जाऊन वितळू लागले. दहा डॉलरच्या ईगलचे काम १८०४ नंतर बंदच झाले. २८ जून १८३४ च्या कायद्याने हाफ ईगलचे वजन १२९ ग्रेनवर आणले, तेव्हा जुन्या पाच डॉलरच्या नाण्यातले सोने सुमारे ५.३३ डॉलरचे ठरले आणि उरलीसुरली जुनी नाणीही मुशीत गेली. १८२२ वर्षाच्या हाफ ईगलची टांकसाळीची नोंद १७,७९६ आहे, पण आज फक्त तीन नाणी ज्ञात आहेत. त्यांपैकी दोन अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहेत आणि तिसरे २०२१ च्या लिलावात ८४ लाख डॉलरला गेले. मात्र हा भाव वर्षाचा आहे, डायचा नव्हे. डायभेदाने सोने जमवणारे इतके थोडे आहेत की एकाच वर्षातल्या आर-२ आणि आर-५ भेदांच्या किमतींत अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी अंतर असते. अभ्यास करणाऱ्याला मिळणारी ही सवलत किती काळ टिकेल याचा मला भरवसा नाही.

अखेरीस मी नाणे प्रमाणनासाठी पाठवले. पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या अनुक्रमे १९८६ आणि १९८७ पासून हे काम करतात; त्या नाण्याची अस्सलता तपासतात, सत्तरपर्यंतच्या मापावर दर्जा देतात आणि ते प्लॅस्टिकच्या बंद कवचात ठेवतात. डायभेदाची नोंद हवी असेल तर अर्जावर वेगळी मागणी करून वेगळे शुल्क भरावे लागते. विमा उतरवून, टपालखात्याच्या रजिस्टर्ड सेवेने, दुहेरी खोक्यात आणि सर्व सांधे कागदी पट्टीने बंद करून पाठवणे ही त्यातली कंटाळवाणी पण अपरिहार्य पायरी. परत आलेल्या कवचावरच्या लेबलवर १८०६, गोल ६, सात-सहा तारे, बीडी-६ आणि एयू-५३ (सत्तरपैकी ५३, म्हणजे थोडेसेच वापरले गेलेले) एवढी नोंद होती.

डायची अवस्था त्यावर नव्हती, म्हणून ती माझ्या कार्डावर लिहिली: वजन, गुरुत्व, दोन्ही बाजूंमधला फिरकीचा कोन, कडेजवळच्या सरी, कानशीच्या रेघांची दिशा, आणि तडे न आढळल्याची नोंद. आता लिलावांच्या जुन्या छायाचित्रांमधून त्याच जोडीची आधीच्या अवस्थेतली नाणी निवडून त्यांची कार्डे तयार करतो आहे, मात्र प्रकाश एकाच बाजूने पडलेला असेल तर छायाचित्रातल्या सरींवर पूर्ण विसंबता येत नाही. अणकुचीदार ६ चे नाणे घेण्याआधी त्या पाचही जोड्यांचे कोन मोजून ठेवायचे आहेत, कारण तिथे नुसते तारे मोजून काम भागणार नाही.